स्वस्त विमानप्रवास: भाडं कसं उतरलं आणि त्यापायी प्रवाशाने काय सोडलं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

विमानभाड्यांवर लिहायला लागल्यापासून तेच काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. कुणाला बॅगेचे पैसे खटकलेले असतात, कुणाचे गुडघे चार तास पुढच्या सीटला टेकलेले असतात, कुणी परक्या विमानतळावर रात्र काढून आलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत. आधी इतिहास, मग सीट-बॅग-उशीर, आणि शेवटी हक्क व अडनिडे प्रसंग असा क्रम आहे. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पूर्वी विमानाचं तिकीट एवढं महाग का असायचं?

एक कारण यंत्राचं. पिस्टन इंजिनांची विमानं लहान होती, हळू होती आणि देखभालीला खर्चिक होती. दुसरं कारण कायद्याचं, आणि माझ्या मते तेच मोठं.

अमेरिकेत १९३८ च्या कायद्यातून आलेली सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड ही सरकारी संस्था होती. कुठल्या कंपनीने कुठल्या मार्गावर उडायचं आणि भाडं किती घ्यायचं, हे दोन्ही ती ठरवत असे. भाडं कमी करायचं असलं तरी परवानगी लागे. १९७०च्या दशकात बोर्डाचं सूत्र असं होतं: विमान सरासरी ५५ टक्के भरेल असं धरायचं आणि गुंतवणुकीवर १२ टक्के परतावा सुटेल एवढं भाडं बसवायचं. म्हणजे तिकीट काढणारा माणूस शेजारच्या रिकाम्या सीटचेही बरेचसे पैसे भरत होता. हे लक्षात ठेवा, प्र. १० मध्ये याची गरज पडेल.

आंतरराष्ट्रीय मार्गांवर दोन देशांच्या सरकारांमधले करार आणि आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने ठरवलेली भाडी चालत. किमतीत स्पर्धा करायची नाही म्हटल्यावर कंपन्या जेवणात, गणवेशात आणि आदरातिथ्यात स्पर्धा करत. १९५८ मध्ये अटलांटिकवर नवा इकॉनॉमी वर्ग सुरू झाला तेव्हा त्यात फक्त साधं सँडविच द्यायचं ठरलं होतं. काही युरोपीय कंपन्यांनी सँडविचच्या नावाखाली भरपेट ताट वाढलं, पॅन ॲम या अमेरिकी कंपनीने तक्रार केली, आणि सँडविच कशाला म्हणायचं यावर संघटनेत रीतसर वाद झाला. भाडं गोठवलं की स्पर्धा कुठे जाऊन पोहोचते, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

२. मग ते स्वस्त नेमकं कधी झालं?

एका दिवसात नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन ॲमचं बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं आणि जेटयुग खऱ्या अर्थाने सुरू झालं. वेग जवळपास दुप्पट झाल्याने तेच विमान तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या करू लागलं. जानेवारी १९७० मध्ये बोइंग ७४७ आलं. त्यात ७०७ च्या दुपटीहून जास्त माणसं बसत, त्यामुळे दर सीटमागचा खर्च आणखी घटला.

यंत्राने खर्च उतरवला, पण ती बचत प्रवाशापर्यंत पोहोचवली कायद्यातल्या बदलाने. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान वाहतूक नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यासाठी सर्वांत जास्त झटलेले अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान त्या वेळी त्याच बोर्डाचे अध्यक्ष होते. आपणच चालवत असलेल्या संस्थेची गरज उरलेली नाही असं सांगणारा अधिकारी विरळा. १९८४ च्या अखेरीस ते बोर्ड खरोखरच बंद झालं.

युरोपने हेच टप्प्याटप्प्याने केलं. १९९३ पासून युरोपीय संघातल्या कंपन्यांना भाडी ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि एप्रिल १९९७ पासून एका देशातल्या कंपनीला दुसऱ्या देशाच्या अंतर्गत मार्गावरही उडता येऊ लागलं. पुढे मलेशियात एअरएशिया (२००१ पासून, टोनी फर्नांडिस यांच्या हाती आल्यावर) आणि भारतात एअर डेक्कन (२००३) यांनी तोच मार्ग धरला.

३. लो-कॉस्ट कंपनी स्वस्त पडते ती कशाच्या जोरावर? फक्त जेवण काढून एवढी बचत होते का?

जेवणाची बचत त्यात किरकोळ आहे. खरी बचत घड्याळात आहे.

साउथवेस्ट ही टेक्सासमधली कंपनी १८ जून १९७१ ला डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये उडू लागली. एकाच राज्यात उडत असल्याने ती बोर्डाच्या कचाट्याबाहेर होती. (कॅलिफोर्नियात पॅसिफिक साउथवेस्ट ही कंपनी १९४९ पासून असंच करत होती.) पैशांची चणचण आली तेव्हा साउथवेस्टला आपल्या चारपैकी एक विमान विकावं लागलं. पण वेळापत्रक चार विमानांचं होतं आणि ते मोडायचं नव्हतं. तेव्हा उतरलेलं विमान १० मिनिटांत पुन्हा उडवायचं असं ठरलं: प्रवासी उतरवायचे, सामान काढायचं, नवे प्रवासी चढवायचे आणि निघायचं. तीन विमानांनी चारांचं काम केलं. विमान जमिनीवर उभं असलं की ते कमावत नाही, हे या धंद्याचं मूळ गणित तिथे लख्ख दिसलं.

बाकीच्या गोष्टी त्यातूनच निघतात. सगळी विमानं एकाच बनावटीची, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण एक आणि सुट्या भागांचा साठा एक. गर्दीच्या मुख्य विमानतळाऐवजी दूरचा, स्वस्त विमानतळ. ‘फ्रँकफर्ट’ म्हणून विकलं गेलेलं हान विमानतळ फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. पुढे इंटरनेट आल्यावर एजंटाचं कमिशनही गेलं. १९९५ मध्ये अमेरिकी कंपन्यांनी कमिशनवर मर्यादा घातली आणि २००२ पर्यंत ते जवळपास संपवलं. १ जून २००८ पासून आयाटाच्या कंपन्यांनी कागदी तिकीट बंद केलं. तिकीट काढण्यापासून बोर्डिंग पास छापण्यापर्यंत जे काम आधी काउंटरवरचा माणूस करायचा, ते आता प्रवासी स्वतः करतो. त्याची मजुरी भाड्यातून वजा झाली आहे असं समजा.

४. स्वस्त तिकिटं विकणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्या बुडाल्या, मग ही कल्पना चुकीची होती का?

कल्पना बरोबर होती, हत्यार अपुरं होतं. फ्रेडी लेकर यांची स्कायट्रेन सेवा २६ सप्टेंबर १९७७ ला लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला सुरू झाली. एका बाजूचं भाडं ५९ पौंड, आगाऊ बुकिंग नाही, रांग लावा आणि बसा. फेब्रुवारी १९८२ मध्ये कंपनी बुडाली. अमेरिकेत पीपल एक्स्प्रेस १९८१ मध्ये आली. चेक-इन बॅगेचे आणि खाण्याचे वेगळे पैसे घेण्याची पद्धत तिने तेव्हाच सुरू केली होती. १९८७ मध्ये तीही दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

पीपल एक्स्प्रेसला हरवलं ते संगणकाने. अमेरिकन एअरलाइन्सकडे सेबर ही बुकिंग यंत्रणा होती. कुठल्या विमानात किती सीट रिकाम्या राहणार याचा अंदाज ती आधीच बांधू शकत होती. मग पीपल एक्स्प्रेसइतक्या स्वस्त सीट मोजक्याच विकायच्या आणि उरलेल्या सीट ऐन वेळी येणाऱ्या, कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या प्रवाशासाठी महाग ठेवायच्या. सगळ्यांना स्वस्त तिकीट देणाऱ्याला निवडक स्वस्त तिकीट देणाऱ्याने गाठलं. आजची प्रत्येक विमान कंपनी, लो-कॉस्टसुद्धा, याच रीतीने चालते.

५. शेजारच्या माणसाने माझ्या निम्म्या पैशांत तिकीट कसं काढलं?

एका विमानातल्या सीट अनेक भाव-गटांत विभागलेल्या असतात. स्वस्त गट भरला की पुढचा उघडतो. मागणी मंद असेल तर बंद झालेला गट पुन्हा उघडतो, म्हणून भाव कधी कधी उतरतोही. तुमच्या दोघांच्या सीटमध्ये फरक नाही. फरक तिकीट काढण्याच्या दिवसात आणि तिकिटाच्या अटींमध्ये आहे. एका दृष्टीने महाग तिकीटवाला स्वस्त तिकीटवाल्याचा भार उचलतो. आजारी माणसाला भेटायला किंवा अंत्यविधीला निघालेल्या माणसावरही हाच भार पडतो, आणि मला ही या व्यवस्थेतली सर्वांत कठोर बाजू वाटते.

६. भाडं खरोखर किती उतरलं?

महागाई वजा करून पाहिलं तर अमेरिकेतलं मध्यम भाडं १९८० ते २००५ या काळात सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं, असं तिथल्या सरकारी लेखा कार्यालयाने नोंदवलं आहे. जगभरचे विमानप्रवासी १९७० मध्ये वर्षाला सुमारे ३१ कोटी होते; २०१९ मध्ये ते सुमारे ४५० कोटी झाले.

दोन गोष्टी मात्र सोबत वाचायला हव्यात. भाडी १९७८ च्या आधीही उतरत होती आणि इंजिनं सुधारत होती, त्यामुळे सगळं श्रेय कायद्याला देता येत नाही. आणि सरासरी सगळ्यांना लागू पडत नाही. मोठ्या शहरांमधल्या गर्दीच्या मार्गांना सर्वांत जास्त फायदा झाला. छोट्या गावांकडे कंपन्या पाठ फिरवतील ही भीती कायदा करतानाच होती, म्हणून अमेरिकेने १९७८ मध्येच अशा गावांच्या सेवेसाठी अनुदान योजना आणली. ती अजून चालू आहे.

७. सीट लहान झाल्या आहेत की मलाच तसं वाटतं?

झाल्या आहेत. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर पूर्वी इकॉनॉमीत साधारण ३४-३५ इंच असे. आता ३०-३१ इंच सर्रास आढळतं आणि काही लो-कॉस्ट विमानांत २८. पातळ पाठीच्या नव्या सीटमुळे गुडघ्यांना थोडी जागा परत मिळते, सगळी नाही.

रुंदीचं वेगळं आहे. बोइंग ७३७ सारख्या विमानाचा आतला व्यास बदललेला नाही, तिथे पूर्वीही तीन-तीन सीट होत्या आणि आताही आहेत. लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत मात्र खरी कपात झाली. बोइंग ७७७ सुरुवातीला बहुतेक कंपन्यांनी एका ओळीत नऊ सीट ठेवून उडवलं, आता दहा सर्रास असतात. विमान तेवढंच, माणूस एक जास्त. त्यामुळे तिकीट काढताना कंपनीचं नाव पाहून भागत नाही. विमान कुठलं आणि ओळीत किती सीट, हेही पाहावं.

८. सीट किमान किती मोठी असावी असा कायदा नाही का?

आकाराचा थेट नियम अमेरिकेतही नाही. नियम आहे तो सुटकेचा: अर्धे दरवाजे बंद असताना पूर्ण भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं होऊ शकतं, हे विमान बनवणाऱ्याने दाखवावं लागतं.

अमेरिकेत एका प्रवासी संघटनेने हा प्रश्न न्यायालयात नेला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने विमान वाहतूक प्रशासनाला तो पुन्हा तपासायला लावला. २०१८ मध्ये संसदेने किमान आकार ठरवण्याचा आदेश दिला आणि २०२२ मध्ये लोकांची मतं मागवली गेली. त्यातली गोम अशी की प्रशासन फक्त सुरक्षिततेपुरतं पाहतं, आरामापुरतं नाही. मला हे अपुरं वाटतं. उंच, स्थूल किंवा सांधे धरलेल्या माणसाला तासन्तास हलता येत नसेल, तर तो निव्वळ सुखसोयीचा प्रश्न राहत नाही.

९. बॅगेचे वेगळे पैसे कधीपासून आणि का?

मोठ्या अमेरिकी कंपन्यांनी २००८ मध्ये तेल भडकलं तेव्हा सुरुवात केली: आधी दुसऱ्या बॅगेवर आणि मग त्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेवर १५ डॉलर. तेल उतरलं, शुल्क राहिलं. २०१० मध्ये स्पिरिट या अमेरिकी लो-कॉस्ट कंपनीने वरच्या कप्प्यात ठेवायच्या हातातल्या बॅगेवरही पैसे लावले. साउथवेस्ट बरीच वर्षं दोन बॅगा मोफत नेत होती. २८ मे २०२५ पासून तिनेही ते बंद केलं.

यामागे तीन कारणं आहेत. पहिलं सर्वांना दिसतं: संकेतस्थळावर भाडी स्वस्तापासून महागापर्यंत लावलेली असतात, आणि यादीत वर यायचं तर तिकिटातून काढता येईल ते सगळं काढावं लागतं. दुसरं कारण विमान लवकर परत उडवण्याचं आहे. बॅगा कमी तर वेळ कमी. तिसरं फारसं कुणी सांगत नाही. अमेरिकेत देशांतर्गत भाड्यावर ७.५ टक्के कर आहे, पण बॅगेसारख्या ऐच्छिक सेवेच्या शुल्कावर तो नाही. भाड्यातून पैसे काढून शुल्कात टाकले की कर वाचतो. काही लो-कॉस्ट कंपन्यांच्या एकूण उत्पन्नात अशा शुल्कांचा वाटा ४० टक्क्यांच्या वर गेला आहे.

फक्त हातात एक पिशवी घेऊन फिरणाऱ्याला ही पद्धत न्याय्य वाटते आणि त्याचं बरोबर आहे. पूर्वी तो दुसऱ्याच्या दोन बॅगांचे पैसे भरत होता. मात्र लहान मूल घेऊन निघालेल्या कुटुंबाला सामान ऐच्छिक नसतं.

१०. जेवण, सीट, बॅग सोडून आणखी काय गमावलं?

ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं ते. व्यवस्थेतला सैलपणा गेला.

प्र. १ मधल्या ५५ टक्क्यांकडे परत या. १८० सीटचं विमान ५५ टक्के भरलं म्हणजे ९९ प्रवासी आणि ८१ रिकाम्या सीट. ते रद्द झालं, तर ९९ जण पुढच्या दोन विमानांत सहज मावतात. आज जगभरचं सरासरी भरणं ८० टक्क्यांच्या वर आहे आणि चांगल्या मार्गावर ८५ टक्के धरायला हरकत नाही. तेच विमान ८५ टक्के भरलं म्हणजे १५३ प्रवासी आणि २७ रिकाम्या सीट. ते रद्द झालं की १५३ जणांना हलवायला पुढची सहा विमानं लागतात. मार्गावर दिवसाला दोन फेऱ्या असतील तर तीन दिवस. रोज एकच असेल तर सहा.

रिकामी सीट ही उधळपट्टी होती हे खरं, पण तीच अडचणीच्या वेळची गंगाजळीही होती. तसंच राखीव विमान, तसाच बोलावलं की लगेच येईल अशा अंतरावर घरी बसलेला जादा कर्मचारीवर्ग, तसाच दोन फेऱ्यांमधला मोकळा अर्धा-पाऊण तास. प्रत्येक गोष्ट हिशेबात वाया जाणारी दिसत होती, म्हणून प्रत्येक काढली गेली. एरवी त्याने काही बिघडत नाही. ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी सगळं एकदम बिघडतं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत हिमवादळ आलं. बाकीच्या कंपन्या काही दिवसांत सावरल्या. साउथवेस्टची कर्मचाऱ्यांची जुळवणी करणारी यंत्रणा मात्र कोलमडली, सुमारे १६,९०० उड्डाणं रद्द झाली आणि २० लाखांहून जास्त प्रवासी अडकले.

मी स्वतः एकदा अशा रांगेत उभा होतो. संध्याकाळचं विमान बिघाडामुळे रद्द झालं होतं, काउंटरवर एकच मुलगी होती आणि तिच्या हातात आम्हाला द्यायला काहीच नव्हतं. पुढची रिकामी सीट तिसऱ्या दिवशीची निघाली. माझ्या पुढे एक आजोबा औषधांची मोजकी पुडी घेऊन उभे होते. तिकीट स्वस्त पडलं म्हणून मी त्या आठवड्यात खूश होतो. त्या रात्री कळलं की मी कशाशिवायचं तिकीट काढलं होतं.

११. विमानं पूर्वीपेक्षा हळू झाली आहेत का?

वेग किंचित कमी आहे, इंधन वाचवण्यासाठी. मोठा फरक कागदावर आहे: वेळापत्रकातला वेळ कंपन्या मुद्दाम वाढवून लिहितात, म्हणजे थोडा उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ धरलं जातं.

१२. सीट आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकणं कायदेशीर आहे?

बहुतेक देशांत आहे, कारण काही प्रवासी येतच नाहीत. पण त्याची किंमत कंपनीने मोजावी, हे प्रवाशांनी झगडून मिळवलं.

१९७२ मध्ये ग्राहक चळवळीतले राल्फ नेडर यांना ॲलेघेनी एअरलाइन्सने पक्कं तिकीट असताना विमानात घेतलं नाही. जास्त तिकिटं विकल्याचं लपवणं ही फसवणूक आहे असा दावा त्यांनी लावला आणि तो चालवता येतो असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवलं. त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन एक सोपी युक्ती सांगत होते: कुणाला उतरवायचं हे कंपनीने ठरवू नये, मोबदला जाहीर करावा आणि जो आपणहून तयार होईल त्याने थांबावं. आल्फ्रेड कान यांच्या काळात ती नियमात आली. गेटवर आज जी घोषणा ऐकू येते ती तीच.

पेच येतो तो कुणीच तयार झालं नाही तर. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोत सीटवर बसलेल्या प्रवाशाला फरफटत बाहेर काढल्याचं जगाने पाहिलं. त्यानंतर २०१८ च्या कायद्याने अमेरिकेत एकदा विमानात बसवलेल्या प्रवाशाला जादा बुकिंगपायी उतरवायला मनाई केली. त्यामुळे मोबदला घ्यायचा असेल तर कूपन की रोख, पुढचं विमान कुठलं आणि त्यात सीट पक्की आहे का, हे ‘हो’ म्हणण्याआधी विचारा.

१३. स्वस्त विमान म्हणजे कमी सुरक्षित विमान का?

सरसकट नाही. १९७२ या एका वर्षात जगभरच्या विमान अपघातांत दोन हजारांहून जास्त माणसं गेली. २०१७ मध्ये, प्रवासी कितीतरी पट वाढलेले असताना, प्रवासी जेट विमानाच्या नियमित उड्डाणात एकही जीव गेला नाही. भाडी उतरली त्याच काळात प्रवास सुरक्षित झाला.

पण दोन अपघात विसरू नयेत. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेट या अमेरिकी लो-कॉस्ट कंपनीचं ५९२ क्रमांकाचं विमान फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं आणि ११० जण गेले. देखभालीच्या कंत्राटदाराने ऑक्सिजन तयार करणारी जुनी उपकरणं सुरक्षा-टोपणं न लावता सामानकक्षात पाठवली होती. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हा धडा तिथून मिळाला, आणि सामानकक्षात धूरसूचक व आग विझवणारी यंत्रणा सक्तीची झाली. दुसरा १२ फेब्रुवारी २००९ चा, न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळचा, ५० मृत्यू. तिकिटावर मोठ्या कंपनीचं नाव होतं, विमान चालवत होती कोल्गन एअर ही छोटी, कंत्राटी कंपनी. सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून प्रवास करून कामावर आल्या होत्या. त्यानंतर वैमानिकांचे किमान उड्डाणतास आणि विश्रांतीचे नियम कडक झाले.

म्हणून मी भाड्यापेक्षा देशाचा नियामक किती कडक आहे ते पाहतो. नियामक जागा असेल तर स्वस्त कंपनीला सुरक्षिततेत काटकसर करता येत नाही.

१४. कर्मचाऱ्यांना याची किती झळ बसली?

खूप. भाड्याची मोठी कपात पगारातून आली. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या कॉन्टिनेंटल या विमान कंपनीने दिवाळखोरीचा आधार घेऊन कामगार करार मोडले आणि पगार कापले. २००५ मध्ये तिथल्याच युनायटेड या कंपनीने दिवाळखोरीत असताना आपल्या निवृत्तिवेतन योजना सरकारी विमा महामंडळावर सोपवल्या आणि अनेकांचं पेन्शन घटलं. कॉकपिटमधला तिसरा माणूस, फ्लाइट इंजिनिअर, तंत्रज्ञानाने गेला. काउंटरवर जो थकलेला माणूस आपल्याला भेटतो तोही आपल्या स्वस्त तिकिटात काहीतरी सोडून आलेला असतो.

१५. स्वस्त तिकिटावर हक्क कमी असतात का?

नाही, आणि हे सर्वांत जास्त लोकांना ठाऊक नसतं. कायद्याने दिलेले हक्क भाड्यावर ठरत नाहीत.

युरोपीय संघात फेब्रुवारी २००५ पासून लागू असलेल्या नियमानुसार विमान ऐन वेळी रद्द झालं किंवा प्रवाशाला नाकारलं तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते. २००९ मधल्या निकालाने ती तीन तासांच्या उशिरालाही लागू झाली. युरोपातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान आणि युरोपात येणारं युरोपीय कंपनीचं विमान यात येतं. तिकीट २० युरोचं असलं तरी भरपाई २५० युरोच.

अपवाद ‘असाधारण परिस्थिती’चा. वादळ किंवा ज्वालामुखीची राख असेल तर भरपाई नाही. पण इथेच लोक फसतात: भरपाई नसली तरी जेवण आणि मुक्काम कंपनीनेच द्यायचा असतो. २०१० च्या राखेच्या ढगाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं. म्हणून पावत्या जपा.

अमेरिकेत उशिराची अशी ठरीव भरपाई नाही. मात्र २०२४ च्या नियमानुसार विमान रद्द झालं, किंवा देशांतर्गत किमान तीन तास आणि आंतरराष्ट्रीय किमान सहा तासांचा बदल झाला आणि तुम्ही जायचं नाही असं ठरवलं, तर पैसे परत मिळायला हवेत, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी. त्या शब्दाचा अर्थ ‘तुम्ही रद्द केलं तर’ एवढाच आहे.

१६. बॅग हरवली किंवा फुटली तर?

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. डिसेंबर २०२४ अखेरपासून सामानाची कमाल भरपाई दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन) आहे. घोडं अडतं ते मुदतीवर: फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार सात दिवसांत, उशिरा आलेल्या बॅगेची २१ दिवसांत. विमानतळावरून बाहेर पडण्याआधीच नोंद करा.

१७. दोन स्वस्त तिकिटं वेगवेगळी काढून मधल्या शहरात विमान बदलणं कितपत शहाणपणाचं?

पैसे वाचतात आणि जोखीम तुमच्याकडे येते. एका तिकिटावरचं पुढचं विमान चुकलं तर कंपनी पुढची सोय करते. दोन वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त उशिरा आलेला प्रवासी. त्यातून बॅग उतरवून पुन्हा चेक-इन करावी लागते आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. करायचंच असेल तर मध्ये एक रात्र ठेवा.

१८. जाण्याची फेरी सोडून फक्त परतीची वापरली तर चालते का?

बहुतेक तिकिटांवर नाही. पहिली फेरी न वापरल्यास पुढच्या सगळ्या आपोआप रद्द होतात. क्रम मोडता येत नाही. जाताना दुसऱ्या वाटेने जाणार असाल तर आधी कंपनीला कळवून लेखी होकार घ्या, किंवा दोन बाजूंची तिकिटं मुळातच वेगळी काढा.

१९. विमानाच्या इंधनावर कर नसतो हे खरं आहे का?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरतं बहुतांशी खरं. १९४४ च्या शिकागो करारात टाकीत आधीच असलेल्या इंधनावर कर लावायचा नाही असं ठरलं आणि नंतरच्या द्विपक्षीय करारांनी नव्याने भरलेल्या इंधनालाही सूट दिली. तुमच्या स्वस्त भाड्यात या सुटीचा वाटा आहे. नवी विमानं १९६८ ते २०१४ या काळात सुमारे ४५ टक्क्यांनी कमी इंधन पिऊ लागली, पण प्रवासी त्याहून फार वेगाने वाढले. माणसाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा साधारण २.५ टक्के आहे, आणि विमानामागे उंचावर उमटणाऱ्या पांढऱ्या रेषांमुळे होणारी उष्णतावाढ त्यात धरलेली नाही. हा भार कुठल्याही तिकिटावर छापलेला नसतो.

२०. जास्त पैसे दिले तर जुना आराम परत मिळतो का? आणि प्र. १० मधला सैलपणा?

आराम मिळतो. पूर्वीचं साधं भाडं महागाई धरून आजच्या पैशांत मोजलं तर बऱ्याच मार्गांवर ते आजच्या प्रीमियम इकॉनॉमीच्या (इकॉनॉमी आणि बिझनेस यांच्या मधला वर्ग) आसपास जातं, आणि तिथली जागाही जुन्या इकॉनॉमीसारखीच आहे. म्हणून ‘सगळं हिरावून घेतलं’ असं मी म्हणत नाही. जे पूर्वी सक्तीने घ्यावं लागे ते आता निवडीचं झालं.

सैलपणा मात्र तिकिटाच्या वर्गाने मिळत नाही. विमान रद्द झालं की ते पुढच्या रांगेलाही रद्दच असतं; फार तर पर्यायी सीट देताना तुमचा नंबर आधी लागतो. तो सैलपणा वेळापत्रकातून थोडाफार मिळवता येतो. सकाळचं पहिलं विमान घ्या: ते बहुतेकदा रात्रीच येऊन उभं असतं, दिवसभराचा उशीर त्यावर साचलेला नसतो, आणि रद्द झालं तरी पुढे अख्खा दिवस उरतो. दिवसात एकच फेरी असलेल्या कंपनीपेक्षा चार फेऱ्या असलेली थोडी महाग असली तरी घ्या. लग्न, परीक्षा, शस्त्रक्रिया अशा कामाला एक दिवस आधी पोहोचा. रोजची औषधं, चष्मा आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवा, आणि औषधं ठरल्यापेक्षा तीन दिवसांची जास्त घ्या.